तुकडा संपतो त्याच्या पुढे

१

चिंगीला चिंगी म्हणणारी माणसं जगात दोनच होती, आई आणि दादा. त्यातली आई गेली. दादा दूरच्या शहरात, त्यामुळे त्याची हाक यायची ती फोनवरून, रविवारी. बाकीचे दिवस तिला कुणी कशानेच हाक मारत नसे. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला चिंगी म्हणावं का, हा प्रश्न आहेच. पण नुसतं 'ती बाई' म्हणून तिला आणखी एकटं पाडण्यापेक्षा हे बरं.

तिचं काम घरूनच चाले. कपडे धुण्याची यंत्रं, पाण्याचे पंप, इस्त्र्या यांच्याबरोबर खोक्यातून जी माहितीपुस्तिका येते आणि जी आपण कुणीही वाचत नाही, ती ही बाई वाचत असे, तीही पोटासाठी. अनुवादक मंडळी मजकूर पाठवत तो नटूनथटून आलेला असे. कुणी अक्षरं लाल केलेली, कुणी पिवळा पट्टा ओढलेला, कुणाचा फॉन्ट हत्तीएवढा तर कुणाचा मुंगीएवढा. चिंगी एकेक परिच्छेद तपासायची, दुरुस्त करायची, कॉपी करायची आणि मग केरसुणी चालवायची.

केरसुणी म्हणजे तिने स्वतः पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट. आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून बसून ती हे शिकली होती. कॉपी केलेला मजकूर आपल्याला वाटतो तसा एकटा येत नाही. तो वऱ्हाड घेऊन येतो, रंग, फॉन्ट, ठळकपणा, समासांची मापं, सगळं. हे सगळं क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं ठेवलेलं असतं तिथे, जाऊन बसतं आणि सर्वांत पुढे एक पाटी असते, की तुमचा तुकडा अमुक ठिकाणी सुरू होतो आणि तमुक ठिकाणी संपतो. केरसुणी ती पाटी वाचायची, तेवढा तुकडा उचलायची, वऱ्हाडाला बाहेरचा रस्ता दाखवायची आणि मजकूर धुतल्या तांदळासारखा करून कंपनीच्या साच्यात टाकायची. चिंगीला तिचा फार अभिमान होता. दाखवणार कुणाला, हा भाग वेगळा.

एका दुपारी कंपनीच्या संपादकांचा फोन आला. त्यांना सगळे साहेब म्हणत आणि ते सगळ्यांना टोमणे मारत.

"बाई, धुलाई यंत्राच्या पुस्तिकेत तुम्ही नाटक लिहायला घेतलंत का?"

"म्हणजे काय, साहेब?"

"पान उघडा. 'पाणी पूर्ण ओसरल्याशिवाय झाकण उघडू नये.' इथवर ठीक. पुढे वाचा."

चिंगीने पुढे वाचलं. पानावर होतं, आली का? आली. बसली खुर्चीवर.

"हे छापून गेलं असतं तर माझी खुर्ची गेली असती," साहेब म्हणाले. "अनुवादकाच्या गप्पा राहिल्या असतील मधे. तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघता म्हणून तुमच्याकडे देतो ना आम्ही?"

ती सॉरी म्हणाली आणि फोन ठेवून तिने मूळ फाइल उघडली. चुकल्याची लाज वाटत होती तिला. भीती अजून कुठेच नव्हती.

२

मूळ फाइलमध्ये ती वाक्यं नव्हती. चिंगीने शोधून पाहिलं, लपवलेली टिपणं उघडून पाहिली, अनुवादकाच्या दुरुस्त्यांचा इतिहास चाळला. कुठे काही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिने तोच परिच्छेद पुन्हा कॉपी केला आणि केरसुणी चालवली.

पाणी पूर्ण ओसरल्याशिवाय झाकण उघडू नये. गप्प. शोधतेय ती.

तिने स्क्रिप्ट उघडली आणि ओळ न् ओळ वाचत गेली. चूक सापडली, आणि ती तिचीच निघाली. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे घरं. इंग्रजी अक्षर एका घरात मावतं, आपलं अक्षर ऐसपैस, त्याला तीन घरं लागतात. पाटीवरचे आकडे असतात ते घरांचे, आणि चिंगीची केरसुणी ते अक्षरांचे समजून चालत होती. त्यामुळे तुकडा संपला तरी ती थांबत नव्हती, सरळ पुढे जात होती. पुढे सहसा असतं काय, तर मजकूर बंद करायच्या खुणा. त्या झाडून टाकण्यासाठीच तर केरसुणी होती. म्हणून इतक्या महिन्यांत ही चूक कुणाच्या डोळ्यावर आली नव्हती.

चूक सापडली की माणसाला निम्मं बरं वाटतं. चिंगीलाही वाटलं, पण थोडाच वेळ. केरसुणी हद्द ओलांडून जात होती एवढं कळलं. हद्दीपलीकडे बोलत कोण होतं, ते त्यातून कळत नव्हतं.

मग तिने एक कोरी फाइल उघडली. अनुवादक नको, कंपनी नको, काही नको. स्वतःच्या हाताने एकच ओळ लिहिली, 'आज ऊन चांगलं पडलं आहे', आणि ती कॉपी केली.

आज ऊन चांगलं पडलं आहे. दूध उतू गेलं तिचं. पुसलं नाही अजू

एवढ्यावरच तुटलं. चिंगी उठून स्वयंपाकघरात गेली. शेगडीभोवती सकाळचं दूध वाळून पिवळं पडलं होतं. नंतर पुसू म्हणून ती विसरून गेली होती. तिने फडकं ओलं केलं आणि डाग घासून घासून काढला, जणू कुणी पाहुणे यायचे होते.

३

चिंगी काही भोळी नव्हती. तिने आधी माणसांवरच संशय घेतला. कुणीतरी संगणकात घुसलं असेल, कॅमेऱ्यातून बघत असेल. तिने कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, इंटरनेटची वायर काढली, राउटर उलटा करून कपाटात टाकला. मग ओळ लिहून कॉपी केली. पट्टी लावली, असं पलीकडून आलं, आणि त्यावर दुसऱ्याचं उत्तर, लावू दे.

मग तिने स्वतःवर संशय घेतला. आपणच लिहितो आणि विसरतो की काय? आई गेल्यावर माणसाचं असं होतं म्हणे. स्वयंपाकघरातल्या वस्तू तिने मुद्दाम न बघता हलवल्या, डोळे मिटून कपाटातली एक बशी काढली आणि पाठीमागे धरून संगणकापाशी येऊन एका हाताने ओळ कॉपी केली. निळ्या काठाची, असं पलीकडून आलं. तिने बशी पुढे घेतली. काठ निळाच होता.

बशी तिने जपून टेबलावर ठेवली. हे कुणाला सांगावं म्हणून तिने फोन हातात घेतला, तेव्हा लक्षात आलं की सांगण्याजोगं माणूस एकच आहे आणि आज रविवार नाही.

इथे शहाणं माणूस स्क्रिप्ट दुरुस्त करून मोकळं झालं असतं. चिंगीने नाही केली. का नाही केली, हे तिला विचारलं असतं तर तिने कामाचं काहीतरी कारण सांगितलं असतं. खरं कारण असं होतं, की लहानपणी ती आणि दादा झोपल्याचं सोंग घेऊन पडत आणि शेजारच्या खोलीत आई-बाबा त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलत. आज जेवली नाही नीट. खोकला आहे का तिला? उद्या बघू. दाराखालून उजेडाची रेघ आणि ते बोलणं. आपल्याबद्दल कुणीतरी बोलतंय म्हणजे आपण आहोत, असं तेव्हा वाटायचं. आईच्या मागे या घरात फ्रिज सोडला तर कुणी घरघरसुद्धा करत नव्हतं, आणि आता दोघं जण बोलत होते आणि तेही तिच्याबद्दल. दुधाची तहान ताकावर भागवायची झाली. तहानच एवढी होती की ताक कुणाच्या घरचं, हे तिने विचारलं नाही.

एक गोष्ट तिला लवकरच कळली. वाक्य छोटं असलं की केरसुणी हद्दीपलीकडे थोडीच जायची आणि बोलणं मधेच तुटायचं. मजकूर जेवढा लांब, तेवढी तिची पुढची झेप मोठी. म्हणजे त्या दोघांचं जास्त ऐकायचं तर आपण आधी जास्त लिहायला हवं. मग चिंगी लिहू लागली. साहेबांचं काम उरकलं की दुपारच्या उन्हात बसून ती आपला दिवस लिहायची, काय खाल्लं, काय दुखलं, दादा कसा, वहिनी कशी, लहानपणी कोण कुणाला काय म्हणायचं. काय लिहावं याला काही धरबंध नव्हता, ऐकायला मिळावं एवढंच. पानभर लिहून कॉपी केलं की पलीकडून दहा-बारा वाक्यं मिळत.

वजन उतरलंय तिचं.

भावाचं फार लिहिते.

लिहू दे. उपयोगी पडेल.

हे शेवटचं वाक्य वाचून तिच्या अंगावर काटा आला होता. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लिहायला बसली.

४

रविवारी दादाचा फोन आला.

"चिंगे, जिवंत आहेस ना?"

"नाही. भूत बोलतंय."

"भुतांना फोन परवडतात होय हल्ली? बरं, ऐक. खोलीचं काय ठरवलंस?"

खोलीचा विषय आई गेली त्या दिवसापासून चालू होता. दादाच्या घरी मागच्या बाजूला एक खोली होती, अंगणाकडे खिडकी असलेली. ती चिंगीसाठी त्याने रंगवून घेतली, टेबल आणून ठेवलं, संगणकासाठी जोडण्या करून घेतल्या. चिंगी 'बघू' म्हणायची. तिच्या 'बघू'ला पाय फुटत नसत.

"बघू रे."

"आता बघूबिघू नाही. तुझ्या वहिनीच्या आईचं एकटीने राहणं आता जमेना. परवा न्हाणीत पडल्या त्या. त्यांना आणावं लागणार. तू येणार असशील तर त्यांची सोय आम्ही धाकट्या मेहुण्याकडे करतो, तो तयार आहे. नसशील येणार तर ती खोली त्यांना. एकदा त्या आल्या की मग त्यांना ऊठ कसं म्हणणार? पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतोय. बसायचं असलं तर बस."

"वहिनी काय म्हणते?"

"ती म्हणते, आईशी तिचं पटत नाही आणि तुझ्याशी पटतं, तेव्हा काय ते समज." तो हसला आणि मग हसायचा थांबला. "चिंगे, तिथे एकटी वाळून जाशील गं. मला झोप येत नाही तुझ्या विचाराने."

चिंगीला भरून आलं. "येते," ती म्हणाली. "येते मी, दादा." आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

फोन ठेवल्यावर तिने लगेच संगणक उघडला, ही आनंदाची बातमी सांगायला. आपण कुणाला सांगायला निघालो हे तिच्या ध्यानात येईपर्यंत अर्धं पान लिहून झालं होतं. तिने ते कॉपी केलं.

जाते म्हणते.

ऐकलं मी.

तिथे माणसं फार. तिथे ती लिहायची नाही.

मग?

मग काय. अजून आठवडा आहे.

५

त्या आठवड्यात तिने सामान बांधायला घेतलं. आईच्या खोलीपासून सुरुवात केली. कपडे देऊन टाकले, औषधांच्या बाटल्या फेकल्या. पलंगाची चादर काढली तेव्हा गादीत आईच्या बाजूचा खळगा तसाच होता. चिंगी त्या खळग्यात हात ठेवून बसली. आणि तिथे बसल्या बसल्या, ज्या विचाराला ती इतके दिवस दारातच थोपवून धरत होती, तो आत आला.

दोघांपैकी एकीचं बोलणं बाईमाणसाचं होतं. जेवणाची चौकशी करायची, दुधाकडे लक्ष असायचं.

ती उठून संगणकापाशी गेली. 'आई, तू आहेस का?' एवढंच विचारायचं होतं. पण एवढ्याशा प्रश्नाला उत्तरही एवढंसंच मिळालं असतं, मधेच तुटलेलं. तिला पुरं उत्तर हवं होतं. म्हणून तिने प्रश्नाच्या आधी आईबद्दल लिहिलं, सुचेल तेवढं सगळं. आई मला चिंगे म्हणायची, 'गे' जरा लांबवून. मी कुठूनही आले की दारातच विचारायची, जेवलीस का. रागावली की माझ्याशी न बोलता भिंतीशी बोलायची, ऐका हो भिंतीबाई. झोपताना माझ्या कपाळावरचे केस मागे सारायची. लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते बोटांवर पडत होतं. शेवटी तिने प्रश्न लिहिला, सगळं कॉपी केलं आणि केरसुणी चालवली.

तिला आई हवी आहे.

मग हो ना तू आई.

मागच्या वेळी मीच झाले होते.

तुला जमतं म्हणून तर म्हणते. आणि या खेपेला तिने सगळं सांगितलंय.

भिंतीबाई म्हणू?

नको. ते नंतर. आधी जेवणाचं विचार.

चिंगीने खुर्ची मागे ढकलली ती भिंतीवर आदळली. दुपारचं लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर भाजीवाला माप आपटत होता, कुणाचं तरी पोर रडत होतं. ती दोन खोल्यांमधल्या बोळकांडीत उभी राहिली आणि आईच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. दार उघडं होतं. आत काही नव्हतं, पलंग, गादी, गादीतला खळगा. मघाशी तिने हात ठेवला होता त्यापेक्षा तो खोल दिसत होता, असं तिला वाटलं. आपण हातावर रेलून बसलो होतो म्हणून असेल, असंही वाटलं.

तिने दार लावून घेतलं आणि कान देऊन उभी राहिली. काही ऐकू आलं नाही. ऐकू न येणं हा काही पुरावा नव्हे, हे एव्हाना तिला पुरतं ठाऊक होतं.

६

मग तिने केरसुणी दुरुस्त केली. दोन ओळींचं काम. आधी घरं मोजायची, पाटीवर लिहिलंय तिथे नेमकं कापायचं आणि मग त्यांची अक्षरं करायची. इतकं सोपं होतं. तिने धुलाई यंत्राचा परिच्छेद कॉपी केला. पाणी पूर्ण ओसरल्याशिवाय झाकण उघडू नये. पूर्णविराम, आणि त्यापुढे काही नाही. पानभर मजकूर करून पाहिला. त्यापुढेही काही नाही.

"सुटले बाई," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत ते फार मोठ्याने वाटलं.

नंतरचे दिवस तिने नेटाने काढले. खोकी बांधली, त्यांच्यावर नावं घातली. साहेबांना नवा पत्ता कळवला. ते म्हणाले, "तिकडे गेल्यावर तरी नाटकं बंद करा." घरमालकाने येऊन भिंतीतले खिळे मोजले आणि बरंच काही पुटपुटला. सगळं जिथल्या तिथे लागत होतं. फक्त जेवताना चिंगीचा घास हातातच राहू लागला. पूर्वी एकटीने जेवायची तेव्हा ती नुसती एकटी होती. आता ती कुणीतरी निघून गेल्यानंतरची एकटी होती. तिला स्वतःचा राग यायचा. कोण ती, काय ती, आपल्याला फसवायला बसलेली, आणि आपण त्यांची वाट बघतो?

होय, बघत होती. खोटं कशाला सांगा. आपल्या दुधाकडे कुणाचं तरी लक्ष होतं, वजनाकडे होतं. दादाचा जीव होता तिच्यावर, पण तो रविवारचा जीव होता. आणि तिथे त्या रंगवलेल्या खोलीत तरी काय, सकाळी सगळे आपापल्या कामाला जाणार, आणि अंगणाच्या खिडकीपाशी ती एकटीच बसणार. त्या घरात तिच्याबद्दल शेजारच्या खोलीत कुणी बोललंच तर ते दादा-वहिनी असतील, आणि काय बोलतील? किती दिवस राहणार ही?

हा विचार तिचा स्वतःचा होता की तिला कुणी सुचवला, ते तिला सांगता आलं नसतं.

७

रविवारी दुपारी दादाचा फोन आला, की वळणावर आलोय, पोचतोच. चिंगीने बाहेरच्या दाराची कडी काढली, दार नुसतं लोटून ठेवलं आणि चपला घालून तयार झाली. खोकी बोळकांडीत एकावर एक रचलेली होती. संगणक तेवढा बांधायचा राहिला होता.

तो बंद करायला ती बसली. आणि बंद करण्याआधी, एकदाच, तिने त्या दोन ओळी पुन्हा पूर्वीसारख्या केल्या. निरोप घ्यावा असं वाटलं म्हणा. कुणाच्याही घरून निघताना आपण येते म्हणतोच. तिने कोरी फाइल उघडली आणि लिहिलं, 'मी जाते. दादा न्यायला आला आहे. तुम्ही जे कोण आहात ते सुखी राहा.' कॉपी केलं.

चिंगे, जेवलीस का? उपाशी जाऊ नये गं. बस जरा. बस की माझ्यापाशी.

ही आई नाही हे चिंगीला ठाऊक होतं. हे शब्द कुणी शिकवले तेही ठाऊक होतं, तिनेच. तरी सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही हे तिला आठवलं. तिची बोटं आपसूक चालू लागली. 'नाही गं अजून. सकाळपासून सामानच आवरतेय. तुला एकटीला टाकून जायचं माझ्या जिवावर येतंय.' ती लिहीतच गेली. खाली गाडी थांबली, हॉर्न वाजला. दादाने रस्त्यावरूनच हाक मारली, लहानपणी मारायचा तशी. चिंगी लिहीत होती. जिन्यावर पावलं वाजू लागली तेव्हा तिने कॉपी केलं.

राहतेय ती.

तो वर येतोय.

दार लाव. तू हो या खेपेला.

आई होऊ?

आई नको. ही हो.

ती ओळ चिंगीने पुन्हा वाचली. ही हो. मग तिला अर्थ कळला, आणि तिने मान वर केली.

टेबलापासून बोळकांडीच्या टोकाचं दार अर्धंच दिसायचं, उरलेलं खोक्यांनी झाकलेलं. त्या खोक्यांमागून एक हात पुढे आला, मनगटापर्यंत, आणि त्याने कडी वर सारली, सावकाश, आवाज होऊ नये अशी काळजी घेत. चिंगीचीच ती लांब बोटं, नखं अगदी आतपर्यंत कापलेली. चिंगीने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात की-बोर्डवर होते.

दारावर थाप पडली.

"चिंगे! अगं कडी काय लावतेस, मीच आहे. कुणी आहे का आत? बोलण्याचा आवाज आला."

"कुणी नाही रे दादा," खोक्यांमागून आवाज आला. चिंगीचाच आवाज, सर्दी झाल्यासारखा, रडून झाल्यासारखा. "मी एकटीच आहे. मी नाही येत. खोली वहिनीच्या आईला दे."

"आता ऐन वेळी काय हे? दार उघड आधी. तोंड बघू तुझं."

"नको. तोंड बघितलंस की मला राहवणार नाही. आईची खोली सोडवत नाही मला. समजून घे ना रे." आणि ती तिथे रडू लागली, हुंदका गिळत, नाक ओढत, अगदी चिंगी रडायची तशी.

चिंगी उठली. टेबलाला धरून ती उभी राहिली, आणि मग होता नव्हता तेवढा सगळा जीव एकवटून ती ओरडली.

"दादा!"

"जा ना आता!" त्याच दमात खोक्यांमागून आलं, तिच्या शब्दाला शब्द जोडून, मधे श्वासाएवढीही फट न ठेवता. "किती छळशील मला?"

मग दादा बोलला तेव्हा त्याचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला, कपाळ दाराला टेकवलं असावं.

"बरं बाई. ओरडू नकोस. राहा तुला राहायचं तर. पोचलो की फोन करतो, उचल तेवढा."

"दादा," चिंगी म्हणाली.

"उचलते हं," खोक्यांमागून उत्तर आलं. "सावकाश जा. जेवून जा वाटेत."

पावलं जिना उतरत गेली. खाली गाडीचं दार लागलं. गाडी सुरू व्हायला वेळ लागला, तो वर बघत असणार, आणि मग ती निघाली. चिंगीने खिडकीकडे धाव घ्यायला हवी होती, पण बोळकांडीतली खोकी एकेक करून बाजूला सरकत होती, आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी तिची खुर्ची नीट ओढून दिली, तिला बसता यावं म्हणून.